पेप्टाइड पेशीचे पटल कसे फोडतात?

गेल्या रब्बीच्या तोंडावर चोपडा तालुक्यातील आमच्या घराच्या ओट्यावर हरभऱ्याच्या बियाण्याची बीजप्रक्रिया चालली होती. गोणपाटावर पसरलेल्या बियाण्यावर आप्पांनी गुळाचे पाणी शिंपडले, ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची हिरवट पावडर भुरभुरली आणि प्रत्येक दाण्याला ती लागेल अशा बेताने दोन्ही हातांनी बियाणे वरखाली केले. मी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवतो हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी हात न थांबवता विचारले, "हाई पावडर मर रोगनी बुरशीले मारस तरी कशी रे भाऊ?" एक बुरशी दुसऱ्या बुरशीला खाते, असे उत्तर मी दिले. ते खोटे नव्हते, पण अपुरे होते, आणि ते अपुरे असल्याची रुखरुख मला लागून राहिली. ट्रायकोडर्मा ज्या हत्यारांनी लढतो त्यांपैकी एक हत्यार पेप्टाइडचे, म्हणजे प्रथिनासारख्याच पण लहान रेणूंचे, आहे. पेप्टाइड पेशीच्या पटलावर जे काम करतात ते समजून घेताना जीवशास्त्राइतकेच पदार्थविज्ञान लागते. त्याच पदार्थविज्ञानाविषयी हा लेख आहे.

शाळेच्या पुस्तकात ज्याला प्रद्रव्यपटल म्हटले आहे ते पेशीचे पटल बहुतेकांच्या मनात कुंपणासारखे असते: आतले आत ठेवणारे, बाहेरचे बाहेर अडवणारे. हे चित्र अपुरे आहे. पटल हा एक पदार्थ आहे. त्याला जाडी आहे, ताण आहे, लवचीकपणा आहे, प्रवाहीपणा आहे आणि त्याच्या पृष्ठभागावर विद्युतप्रभार आहे. एखाद्या औषधाचा रेणू पेशीवरील विशिष्ट प्रथिनात किल्लीसारखा बसतो तेव्हा या गुणांचा विचार फारसा करावा लागत नाही. पेप्टाइडच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा कुलूपच नसते. ते थेट पटल या पदार्थालाच भिडतात आणि त्याचे भौतिक गुण बदलून टाकतात, म्हणून आधी हा पदार्थ नीट पाहिला पाहिजे.

पटल मुख्यतः फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूंचे बनलेले असते. अशा प्रत्येक रेणूला पाण्याची ओढ असलेले एक डोके आणि पाणी नकोसे असलेल्या, तेलासारख्या दोन शेपट्या असतात. पाण्यात हे रेणू आपोआप दोन थरांत रचले जातात. डोकी बाहेर पाण्याकडे राहतात आणि शेपट्या आत एकमेकींकडे तोंड करून लपतात. ही दुहेरी रचना 1925 मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी ओळखली. त्यांनी तांबड्या रक्तपेशींमधील लिपिड (म्हणजे असे मेदासारखे रेणू) वेगळे काढून पाण्यावर एकेरी थरात पसरवले, तेव्हा त्यांनी व्यापलेले क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. पुढे लक्षात आले की त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या: लिपिड पूर्णपणे निघाले नव्हते आणि पेशीचे क्षेत्रफळही कमी धरले गेले होते. दोन्ही चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतले आणि निष्कर्ष बरोबर आला. या दुहेरी थराची एकूण जाडी सुमारे 5 नॅनोमीटर असते, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीत अशी वीस हजार पटले एकावर एक बसतील. त्यातला मधला तेलकट भाग जेमतेम 3 नॅनोमीटरचा असतो, आणि पेशीचा सारा आतबाहेरचा भेद या 3 नॅनोमीटरवर टिकून असतो.

हा मधला भाग तेलकट आहे, पण तो घट्ट नाही. हिवाळ्यात पहाटे आमच्याकडे तुपाचा डबा उघडला तर चमचा आत शिरत नाही, त्याच फळीवरचे शेंगदाण्याचे तेल मात्र सहज ओतता येते. तुपातील मेदाम्लांच्या शेपट्या बहुतांशी सरळ असतात आणि एकमेकींना चिकटून रचल्या जातात. तेलातील पुष्कळ शेपट्यांना मध्येच बाक असतो, त्यामुळे त्या दाटीने बसू शकत नाहीत. पटलाचेही तसेच आहे. दोन्ही शेपट्या सरळ आणि सोळा कार्बनांच्या असलेले एक फॉस्फोलिपिड 41 अंश सेल्सिअसला वितळते, तर दोन्ही शेपट्यांना बाक असलेले फॉस्फोलिपिड शून्याखालीही प्रवाही राहते. जिवंत पेशी आपल्या पटलात या दोन्ही प्रकारांचे प्रमाण तापमानानुसार बदलत राहते, आतड्यातील ई. कोलाय हा जिवाणू असे करतो हे 1974 मध्ये सिनेन्स्की यांनी दाखवून दिले होते. जळगावचा मे महिना आणि जळगावचा जानेवारी यांच्यामधले अंतर पिकाच्या प्रत्येक पेशीला अशा प्रकारे पार करावे लागते. केळीचे फळ साधारण 13 अंशांच्या खाली ठेवले तर साल काळी पडते, आणि यामागे पटलाचा प्रवाहीपणा बिघडणे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

जाडी आणि ताण यांचे नाते सांगण्यासाठी मला खापरावरच्या मांड्याइतके चांगले उदाहरण सापडलेले नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे करताना माझी आई पुरण भरलेला उंडा हातांवर घेऊन फिरवत फिरवत ताणत नेते. तो तळहातावरून मनगटावर आणि मनगटावरून कोपरापर्यंत पसरतो, आणि जसजसा रुंद होतो तसतसा पातळ होतो, कारण कणीक आणि पुरण मिळून जेवढे आहे तेवढेच राहते. पटलाच्या तेलकट भागाचे घनफळही जवळजवळ कायम असते. क्षेत्रफळ वाढवायचे असेल तर जाडी कमी झालीच पाहिजे. फरक एवढाच की मांडा कितीतरी पट ताणला जातो, तर लिपिडचे पटल क्षेत्रफळ अवघे दोन ते पाच टक्के वाढले की फाटते. याउलट त्याला वाकवणे अतिशय सोपे असते. पटलाला बाक देण्यासाठी लागणारी ऊर्जा ही आजूबाजूच्या रेणूंच्या उष्णतेमुळे होणाऱ्या धडपडीच्या सुमारे वीस पटच असते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या रक्तपेशीची कड सतत थरथरताना दिसते. ताणायला कठीण आणि वाकायला सोपे असलेल्या या पदार्थाची नेमकी दुबळी जागा पेप्टाइडला सापडलेली आहे.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची लहानशी माळ. प्रथिनेही अशाच माळा असतात, पण त्या शेकडो मण्यांच्या. पेप्टाइड साधारण पन्नास मण्यांच्या आतले. मणी वीस प्रकारचे, आणि आपल्या विषयापुरते त्यांचे तीन गट पुरेत: काहींवर धनप्रभार असतो, काहींना पाणी नकोसे असते, उरलेल्यांना पाणी चालते. माळेत हे मणी कोणत्या क्रमाने ओवले आहेत यावर सारे अवलंबून असते. पटलाशी झुंजणाऱ्या बऱ्याच पेप्टाइडमध्ये पाणी नकोसे असलेला मणी दर तिसऱ्या किंवा चौथ्या जागी येतो. ही माळ मळसूत्रासारखी वळली, तर एका वेढ्यात सुमारे 3.6 मणी बसतात; म्हणजे पाणी नकोसे असलेले सगळे मणी मळसूत्राच्या एका अंगाला ओळीने येतात आणि धनप्रभाराचे मणी दुसऱ्या अंगाला. अर्धे अंग तेलाचे आणि अर्धे पाण्याचे, असा तो दांडा होतो.

या दांड्याची ओळख मला प्रयोगशाळेच्या आधी केळीच्या बागेत झाली. केळफूल तोडत असताना अंगठ्याच्या बेचक्यात मधमाशी चावली. नांगी कातडीत रुतून राहिली होती, आणि नीट पाहिले तेव्हा तिच्या टोकाची इवलीशी पिशवी माशी उडून गेल्यावरही आकसत आणि फुगत होती, म्हणजे विष अजून आत जात होते. नांगी लगेच नखाने खरवडून काढावी असे सांगतात ते याचसाठी. मधमाशीच्या वाळवलेल्या विषाच्या वजनातील जवळजवळ निम्मा भाग मेलिटिन या एकाच पेप्टाइडचा असतो. त्यात 26 अमिनो आम्ले असतात. पहिल्या वीसांपैकी बहुतेकांना पाणी नकोसे असते, आणि त्यानंतर लागोपाठ चार मणी धनप्रभाराचे येतात. मधोमध प्रोलिन नावाचा मणी असल्यामुळे त्या मळसूत्राला तेथे बाक येतो. मेलिटिन तांबड्या रक्तपेशी फोडते आणि वेदनेची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंनाही चेतवते. चावलेल्या जागी होणारी आग बऱ्याच अंशी त्याचीच.

आता ही माळ पटलाजवळ येते तेव्हा काय घडते ते क्रमाने पाहू. पहिले काम विद्युतप्रभार करतो. जिवाणूच्या पटलात ऋणप्रभाराची डोकी असलेले लिपिड भरपूर असतात, त्यामुळे धनप्रभाराचे पेप्टाइड तिकडे ओढले जाते. पाण्यात असताना बहुतेक अशा माळा सैल, विस्कळीत असतात. पटलाला टेकल्यावरच त्या मळसूत्र होतात, आणि याचे कारण फार सुंदर आहे. माळेच्या कण्यातील प्रत्येक दुव्याला हायड्रोजन बंधाची गरज असते. पाण्यात ही गरज पाणी भागवते. तेलकट भागाजवळ पाणी नसते, म्हणून माळ स्वतःशीच बंध जोडते आणि वळते. पेप्टाइडला आकार देण्याचे काम अशा प्रकारे पटलच करते, आणि तोच आकार मग त्या पटलावर उलटतो.

वळलेला दांडा पटलात उभा न घुसता आधी आडवा झोपतो. त्याचे तेलकट अंग शेपट्यांकडे आणि प्रभाराचे अंग पाण्याकडे असते, आणि तो डोक्यांच्या रांगेत पाचरीसारखा बसतो. डोकी बाजूला सरकतात. त्यांच्या खाली रिकामी जागा राहू शकत नाही, म्हणून शेपट्या वाकड्या होऊन ती जागा भरतात, आणि तेवढ्या भागात पटल पातळ होते. मांडा रुंद झाला की पातळ होतो, तेच हे. ह्युई हुआंग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ही जाडी मोजली, तेव्हा असे आढळले की सुरुवातीला पेप्टाइड जितके वाढवावे तितके पटल पातळ होत जाते, आणि एका विशिष्ट प्रमाणानंतर हे पातळ होणे थांबते. त्या क्षणापासून नवे दांडे आडवे न झोपता छिद्रे बनवू लागतात. मेलिटिनसाठी हे प्रमाण, वापरलेल्या लिपिडनुसार, साधारण पन्नास ते शंभर लिपिडमागे एक पेप्टाइड इतके आढळले आहे. ई. कोलायच्या एका पेशीत सुमारे दोन कोटी लिपिड रेणू असतात हे ध्यानात घेतले, तर हल्ला एकट्यादुकट्या रेणूचा नसून लाखोंच्या जमावाचा असतो हे स्पष्ट होते. पटल पातळ होण्याचे प्रमाण एका नॅनोमीटरच्या काही दशांशांहून अधिक नसते, परंतु ज्या पदार्थाचा मधला भाग मुळातच 3 नॅनोमीटरचा आहे त्याच्यासाठी ते थोडे नाही.

उंबरठा का असतो, म्हणजे थोड्या पेप्टाइडने थोडी छिद्रे का पडत नाहीत, हा प्रश्न मला या विषयाचा गाभा वाटतो. ताणलेल्या मांड्याला चिमुकले भोक पडले तर आई ते बोटांनी चिमटून बंद करते, आणि मांडा पुन्हा हातावर फिरू लागतो. भोक मोठे झाले तर ते आपोआप वाढत जाते आणि मांडा हातावरच फाटतो. पटलात छिद्र पडले की त्याच्या काठावर तेलकट शेपट्या पाण्यासमोर उघड्या पडतात किंवा डोक्यांना अवघड वळण घ्यावे लागते, आणि याची ऊर्जा मोजावी लागते. ही किंमत काठाच्या लांबीप्रमाणे, म्हणजे छिद्राच्या त्रिज्येच्या पटीत, वाढते. दुसरीकडे छिद्रामुळे पटलाचा ताण सुटतो, आणि तो लाभ क्षेत्रफळाप्रमाणे, म्हणजे त्रिज्येच्या वर्गाच्या पटीत, वाढतो. लहान छिद्रात काठाची किंमत जिंकते आणि छिद्र मिटते. ठरावीक आकारापलीकडे ताणाचा लाभ जिंकतो आणि छिद्र पसरते. पेप्टाइड ही वजाबाकी दोन्ही बाजूंनी बदलतात. बाहेरच्या थरात पाचरी मारून ते ताण वाढवतात, आणि काठावर जाऊन बसले की काठाची किंमत कमी करतात. पुरेसा ताण साचेपर्यंत काहीच होत नाही आणि साचला की सारे एकदम होते, ते या हिशेबामुळे.

छिद्र कसे दिसते हे पेप्टाइडवर आणि लिपिडच्या आकारावरही ठरते. मेलिटिनच्या छिद्रात पटलाचा वरचा थर वळून खालच्या थराला मिळतो, आणि त्या वळणावर लिपिडची डोकी व पेप्टाइड शेजारी शेजारी बसतात. असे वळण घेणे सर्व लिपिडना सारखे सोपे नसते. ज्याचे डोके लहान आणि शेपट्यांचा पसारा मोठा, असे फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमाइन नावाचे लिपिड या वळणाला विरोध करते. ज्याचे डोके मोठे आणि शेपटी एकच, असे लिपिड त्या वळणाला मदत करते. मधमाशीच्या विषात फॉस्फोलायपेज नावाचे एक विकरही (एन्झाइम) असते, आणि ते फॉस्फोलिपिडची एक शेपटी कापते. म्हणजे विषातला एक घटक पटल वळवू पाहतो आणि दुसरा घटक त्याच जागी वळणाला सोयीचे लिपिड तयार करून देतो. दोघे मिळून जे नुकसान करतात ते एकेकट्याच्या नुकसानीच्या बेरजेहून जास्त असते.

दुसऱ्या प्रकारचे छिद्र आप्पांच्या पावडरीतल्या बुरशीच्या कुळाने आपल्याला दाखवले. ट्रायकोडर्मा विरिडी या बुरशीतून मिळालेले अलामेथिसिन हे वीस अमिनो आम्लांचे पेप्टाइड आहे, आणि त्यात नेहमीच्या प्रथिनांत न आढळणारे एक अमिनो आम्ल वारंवार येते, ज्यामुळे त्याचे मळसूत्र अतिशय पक्के राहते. लाकडी पिंपाच्या फळ्या उभ्या लावाव्यात तसे हे दांडे पटलात उभे राहतात, त्यांची तेलकट अंगे बाहेर शेपट्यांकडे आणि पाण्याची अंगे आत पोकळीकडे, आणि मधून पाणी व आयन वाहू लागतात. दांडे उभे राहण्यासाठी पटलाच्या दोन बाजूंमधील विभवांतर मदत करते. हे विभवांतर ऐकायला किरकोळ वाटते. जिवाणूंमध्ये ते सुमारे 100 मिलिव्होल्ट किंवा त्याहून थोडे अधिक असते आणि आतली बाजू ऋण असते. मात्र ते 5 नॅनोमीटरमध्ये सामावलेले आहे. मीटरमागे हिशेब केला तर ते दोन कोटी व्होल्टच्या घरात जाते, आणि हवेत ठिणगी पडायला मीटरमागे सुमारे तीस लाख व्होल्ट पुरतात. एवढे तीव्र विद्युतक्षेत्र ज्या पदार्थात कायम आहे, त्यात प्रभार असलेला दांडा आडवा राहील की उभा, हे त्या क्षेत्राला विचारल्याशिवाय ठरत नाही.

तिसरा प्रकार छिद्राचा नाहीच. शेवभाजीच्या ताटावर उरलेल्या तर्रीत भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकला तर लाल तेलाचा थर क्षणात कडेला पळतो आणि तुकड्या-तुकड्यांत विखुरतो. काही पेप्टाइड पटलावर गालिच्यासारखे पसरतात आणि शेवटी त्याचे तुकडे करून घेऊन जातात. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे सरफॅक्टिन हे तर जवळजवळ साबणच आहे: सात अमिनो आम्लांची वर्तुळाकार माळ आणि तिला जोडलेली मेदाम्लाची शेपटी. ते पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे 72 मिलिन्यूटनवरून 27 पर्यंत खाली आणते. याच जिवाणूची इट्युरिन आणि फेंगायसिन ही भावंडे बुरशीच्या पटलावर विशेष परिणाम करतात. खानदेशात केळीला बॅसिलसची आळवणी करणाऱ्या शेतकऱ्याच्या ड्रममध्ये हे पदार्थविज्ञान ढवळले जात असते.

पटलाच्या जाडीविषयी एक वेगळी गोष्ट सांगण्याजोगी आहे. 1939 मध्ये न्यूयॉर्कमध्ये रेने दुबो यांनी मातीतील जिवाणूपासून प्रतिजैविक पदार्थ वेगळे केले. त्यातून ग्रॅमिसिडिन हे पेप्टाइड मिळाले. पंधरा अमिनो आम्लांचा त्याचा एक तुकडा पटलाच्या वरच्या थरात आणि दुसरा खालच्या थरात असतो. दोन्ही समोरासमोर येऊन जोडले गेले की सुमारे 2.5 नॅनोमीटर लांबीची नळी तयार होते आणि तिच्यातून दर सेकंदाला कोटीच्या आसपास आयन एका रांगेत जाऊ शकतात. पटलाचा तेलकट भाग या नळीपेक्षा जाड असेल तर नळीभोवती पटलाला चेपून बसावे लागते. चेपलेले पटल परत सरळ होऊ पाहते आणि दोन्ही तुकड्यांना एकमेकांपासून ओढते. म्हणून जाड पटलात नळी लवकर तुटते आणि पातळ पटलात जास्त काळ टिकते. संशोधकांनी याचा उलटा उपयोग करून घेतला आहे. एखादे औषध पटलाचा ताठरपणा किंवा जाडी बदलते का, हे ग्रॅमिसिडिनच्या नळीचे आयुष्य मोजून ओळखता येते. पेप्टाइड पटलाला बदलते तसे पटलही पेप्टाइडला बदलते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

हे सारे दिसते कसे, असे विद्यार्थी हमखास विचारतात. लिपिडपासून पेशीएवढ्या मोठ्या, पोकळ पिशव्या प्रयोगशाळेत बनवता येतात. अशी एक पिशवी बारीक काचनळीच्या तोंडाशी हलकेच ओढून धरतात आणि आजूबाजूच्या पाण्यात पेप्टाइड सोडतात. पिशवीचे क्षेत्रफळ वाढते तसा तिचा काचनळीत ओढला गेलेला भाग लांब होतो, आणि ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. पिशवीत आधी चमकणारा रंग भरून ठेवला असेल तर छिद्र पडताच तो बाहेर येताना दिसतो. मेलिटिनमध्ये ट्रिप्टोफॅनचा एकच मणी आहे आणि तो अतिनील प्रकाशात स्वतः चमकतो. पाण्यातून पटलाच्या तेलकट भागाकडे सरकला की त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी कमी होते. एका मण्याच्या रंगावरून अख्खी माळ कोठे आहे हे समजते.

मग ही पेप्टाइड आपल्या पेशी का फोडत नाहीत? काही फोडतातच, मेलिटिन हे त्याचे उदाहरण आहे. पण आपल्या पेशीच्या पटलाचा बाहेरचा थर बहुतांशी प्रभाररहित लिपिडचा असतो, ऋणप्रभाराचे लिपिड आतल्या थरात राखलेले असते, आणि कोलेस्टेरॉल शेपट्यांना दाटीने बसवून पटल अधिक जाड व ताणाला अधिक कणखर करते. कोलेस्टेरॉलचे नाव आपण केवळ रक्ततपासणीच्या कागदावर वाचतो, म्हणून त्याचे हे काम आवर्जून सांगावेसे वाटते. 1987 मध्ये मायकेल झॅसलॉफ यांना आफ्रिकी बेडकाच्या कातडीत 23 अमिनो आम्लांची मॅगेनिन नावाची पेप्टाइड सापडली. शस्त्रक्रियेनंतर टाक्यातल्या अस्वच्छ पाण्यात सोडलेल्या बेडकांच्या जखमा चिघळत कशा नाहीत, या प्रश्नातून तो शोध लागला होता. जिवाणू मारणारी मात्रा तांबड्या रक्तपेशींना जवळजवळ धक्का लावत नाही, हे मॅगेनिनचे वैशिष्ट्य आहे. आपल्या शरीरातही 37 अमिनो आम्लांचे एलएल-37 हे असेच संरक्षक पेप्टाइड तयार होते. मॅगेनिनपासून बनवलेल्या, मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठीच्या औषधाला मात्र 1999 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मान्यता नाकारली, कारण ते उपलब्ध औषधांपेक्षा सरस असल्याचे दिसले नाही. प्रयोगशाळेतील स्वच्छ पटल आणि जखमेतील क्षार, प्रथिने व विकरे यांच्यात फार अंतर असते.

प्रतिकाराचा मुद्दा खानदेशातील माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही, कारण गुलाबी बोंडअळी त्याने पाहिली आहे. भारतात 2002 मध्ये मान्यता मिळालेल्या बीटी कपाशीतील क्राय प्रथिनही शेवटी पटलालाच छिद्र पाडते, अळीच्या आतड्यातील पेशींच्या पटलाला. परंतु ते पेप्टाइड नसून मोठे प्रथिन आहे, आणि छिद्र पाडण्याआधी त्याला पेशीवरील कॅडहेरिनसारख्या विशिष्ट प्रथिनांना धरावे लागते. भारतातील गुलाबी बोंडअळीत कॅडहेरिनच्या जनुकात बदल झालेले आढळले. धरायला मूठच उरली नाही, तेव्हा हत्यार निकामी झाले. पटलाच्या भौतिक गुणांना भिडणाऱ्या पेप्टाइडला अशी मूठ लागत नाही. एका जनुकातील लहानसा बदल पुरत नाही, पटलाची घडणच बदलावी लागते, आणि ती बदलताना पेशीला स्वतःच्या श्वसनाचीही काळजी घ्यावी लागते. म्हणून येथे प्रतिकार सावकाश येतो. येतच नाही, असे मात्र कोणी समजू नये.

कोलिस्टिन हे पेप्टाइड जातीचे प्रतिजैविक गंभीर संसर्गात शेवटचा उपाय म्हणून वापरले जाते. काही जिवाणूंच्या बाहेरच्या पटलावरील ऋणप्रभाराचे रेणू मॅग्नेशियम व कॅल्शियमच्या आयनांनी एकमेकांशी सांधलेले असतात. कोलिस्टिन हे आयन हुसकावून लावते आणि सांधा उसवते. 2015 मध्ये चीनमधून एमसीआर-1 नावाच्या जनुकाची माहिती आली. हे जनुक त्या रेणूंना एक जादा गट जोडून त्यांचा ऋणप्रभार कमी करते, आणि ते एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाते. स्टॅफिलोकॉकस या जिवाणूचा डावही याच जातीचा आहे: तो आपल्या ऋणप्रभाराच्या लिपिडवर लायसिन हे धनप्रभाराचे अमिनो आम्ल बसवतो. दोघांनीही बदलला तो पटलाचा भौतिक गुण, पृष्ठभागावरील प्रभार. भारताने 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिन वापरण्यावर बंदी घातली, आणि ही बंदी मनापासून पाळली जावी असे मला वाटते, कारण कोंबडीला चार दिवस आधी वजन आणण्यासाठी हे औषध घालवणे परवडणारे नाही.

आप्पांच्या प्रश्नाचे उत्तर मी नंतर पुन्हा दिले, आणि या वेळी ते पूर्ण दिले. जमिनीत ट्रायकोडर्माचा धागा रोगट बुरशीच्या धाग्याला वेढे घालतो. आधी तो विकरे सोडून तिची पेशीभित्तिका विरघळवतो, म्हणजे पटल उघडे पडते. मग अलामेथिसिनच्या जातीची पेप्टाइड त्या पटलात शिरतात आणि आतले क्षार बाहेर गळू लागतात. भित्तिका पुन्हा बांधणारे विकर त्याच पटलात बसलेले असते, आणि पटल बिघडले की त्याचेही काम थांबते, त्यामुळे पडलेले भगदाड बुजवता येत नाही. हे सर्व ऐकून आप्पांनी एकच गोष्ट विचारली: मग हे औषध पावडरीत भरलेले असते का? नसते. पावडरीत असतात ते बुरशीचे जिवंत बीजाणू, आणि पेप्टाइड ते रुजल्यानंतर जमिनीत, मुळाशी तयार होतात. म्हणून पुडा मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवून चालत नाही, रासायनिक बुरशीनाशकाबरोबर तो एकाच घमेल्यात कालवून चालत नाही, आणि चोळलेले बियाणे उन्हात टाकून चालत नाही. आप्पांनी गोणपाट ओट्यावरून उचलून निंबाच्या सावलीत नेले आणि बियाणे तेथे पातळ थरात पसरले.